प्रकरण अकरावे : शून्य ग्रॅम

ताई आली ती दोन तिकिटं घेऊन. एक तिचं परतीचं. दुसरं अर्धं, तिच्या भाचीचं, मुंगीचं. दोन्ही तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर शाळेच्या चिठ्ठीशेजारी ठेवली आणि पंख्यानं उडू नयेत म्हणून वर मिठाची बरणी ठेवली.

"साडेचारची गाडी आहे," ती म्हणाली. "आधीच सांगते, मी भांडायला आलेली नाही."

"म्हणजे भांडण होणार," तिचे वडील, अण्णा, म्हणाले.

"बघा, सुरुवात तुम्ही केलीत."

चिठ्ठी शाळेच्या नर्सबाईंची होती. चार ओळी. तीन महिन्यांत मुंगीची उंची दोन सेंटिमीटर वाढली, वजन एक किलो सहाशे ग्रॅम घटलं; पाचव्या तासाला दोनदा चक्कर आली; घरी खाण्याकडे लक्ष द्यावं. शुक्रवारी थोरल्यानं, मुंगीच्या बाबानं, ती फोनवर ताईला वाचून दाखवली होती, आणि तिथंच आपलं चुकलं असं त्याला आता वाटत होतं. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस घरात मात्र कुठलंही बटण दाबण्याआधी दहा वेळा विचार करायचा. शुक्रवारी त्यानं तो केला नव्हता.

ताईनं चष्मा लावून चिठ्ठी पुन्हा वाचली. "खाण्याकडे लक्ष द्यावं. हे आपल्या घराला! जिथं गाजर मोजून कापतात त्या घराला!"

"मोजून कापतो म्हणूनच सांगतो, खाण्यात काही कमी नाही," अण्णा म्हणाले आणि आपली वही आणायला उठले. गुडघा धरला होता. टेबलाच्या कडेला हात टेकून त्यांनी आधी त्याला समजावलं, मग पाऊल टाकलं.

अण्णांनी एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं. रांधत दुसरे, कोणत्या रोग्याला काय आणि किती, हे अण्णा ठरवत. आणि ताटं परत आली की त्यांत काय उरलं ते तोलून लिहून ठेवत. रोगी डॉक्टरांशी खोटं बोलतो, बायकोशी बोलतो, स्वतःशीही बोलतो. ताट तेवढं खरं सांगतं, असं त्यांचं म्हणणं होतं. थोरली सून घर सोडून गेली तेव्हा मुंगीचा डबा भरायचं काम त्यांनी कुणी न सांगता उचललं, आणि त्याबरोबर ही सवयही. गेले नऊ महिने रोज संध्याकाळी ते परत आलेला डबा उघडत, उरलेलं वाटीत काढत, काट्यावर ठेवत आणि लिहीत.

त्यांनी वही ताईपुढे उघडली. "वाच."

पहिले सहा महिने तिनं भराभर उलटले. भात साठ, परत आठ. मूग चाळीस, परत बावीस. गाजर, परत एकोणीस. अंडं, परत अर्धं. मग एका पानापासून शेवटचा रकाना एकसारखा होत गेला. शून्य. शून्य. शून्य. शाळेचे एकसष्ट दिवस.

"सगळं खाते ती," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात लपवता न आलेला अभिमान होता. "कण शिल्लक नसतो."

"मग वजन कुठं जातं? वाऱ्यावर?"

"वाढीचं वय आहे."

"वाढीच्या वयात माणूस वाढतं, अण्णा. घटत नाही. हे मला टपालखात्यातल्या बाईला कळतं, तुम्हाला कळत नाही?"

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला धाकटी सून मटार सोलत बसली होती. तिला सातवा महिना होता, त्यामुळे परात मांडीवर मावत नव्हती. ती तिनं स्टुलावर ठेवली होती. तिचा नवरा लांब पल्ल्याची बस चालवायचा आणि अशा वेळी तो नेहमी तीनशे किलोमीटरवर असायचा. या गोष्टीचा तिला आज प्रथमच हेवा वाटत होता.

"माझ्याकडे चार खोल्या आहेत," ताई म्हणाली. "चारही रिकाम्या. मागं पेरूचं झाड आहे. शाळा पायी सात मिनिटांवर. मी घड्याळ लावून चालून बघितलं. वर्षभर राहू दे. अंगावर मांस चढू दे. मग बघू."

"आणि तिची आई?" थोरल्यानं विचारलं.

"पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी दोन तास भेटते ना? येईल गाडीनं तिकडं. ज्याला यायचं असतं तो येतो."

"ताई, तिला रविवारी—"

"तुला काय वाटतं ते सांग. तिला काय वाटेल ते ती सांगेल, सांगायचं असेल तेव्हा. नऊ महिन्यांत सांगितलंय काही?"

थोरल्यानं मान खाली घातली. बायको का गेली याचं कारण सांगावं एवढं मोठं नव्हतं, आणि म्हणूनच ते कुणाला सांगता येत नव्हतं. एका सकाळी अंगात ताप असताना तिनं नेहमीचे चार डबे भरले, आणि भरून झाल्यावर ओट्याखाली फरशीवर बसली. तेव्हा तो दारातून म्हणाला होता, "माझा चमचा कुठंय?" एवढंच. ती उठली, चमचा शोधून त्याच्या डब्यात घातला, आणि संध्याकाळी तिची बॅग घरात नव्हती.

"धाकटे, तू बोल की," ताई तिच्याकडे वळली. "परवा फोनवर तूच म्हणालीस ना, मुंगीची खोली मोकळी झाली तर बाळाचं सगळं नीट लागेल म्हणून."

मटाराची एक शेंग धाकटीच्या हातात तशीच राहिली.

"असं म्हणालीस तू?" अण्णांनी विचारलं.

"म्हणाले," ती म्हणाली. "जागेचं म्हणाले, अण्णा. मुंगीला पाठवा असं नाही म्हणाले."

"एकच झालं ते."

"एक नाही झालं." पण तिचा चेहरा उतरला होता. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, आणि लोक अर्धं वाक्य बोलून उरलेलं आपल्यावर सोडतात याची तिला सवय होती. आज तिनं स्वतः तेच केलं होतं. सुरकुतलेले दाणे बाजूला काढत ती गप्प बसली, आणि ताईनं ते गप्प बसणं आपल्या बाजूला जमा करून घेतलं.

"ठरलं तर. मी तिचे कपडे भरते."

"थांब," थोरला म्हणाला. त्यानं वही स्वतःकडे ओढली होती आणि तो शून्यांवरून काळं पडलेलं बोट खाली खाली नेत होता. "अण्णा, इस्पितळात अशी किती शून्यं यायची?"

अण्णांनी वहीची कड सरळ केली.

"एखाद्या ताटाचं यायचं."

"ओळीनं एकसष्ट दिवस?"

"नाही."

"एकतीस वर्षांत?"

"एकदाही नाही." अण्णांनी चष्मा काढला. "रोज शून्य येत असेल तर आधी काटा तपासायचा. नवीन कुणी कामावर आलं की पहिल्या दिवशी मी हे शिकवायचो. शून्य म्हणजे रोगी बरा झाला असं समजू नका. शून्य म्हणजे कुठंतरी चूक झाली."

"मग तपासला नाहीत?"

"तपासला. काटा बरोबर होता." ते वहीकडे न बघता बोलत होते. "पहिल्या दिवशी दोनदा तपासला. मग नाही. मला ते शून्य हवं होतं रे. थोरली गेल्यावर या घरात एक तरी गोष्ट नीट होतेय असं रोज संध्याकाळी लिहायला मिळायचं."

पंखा फिरत राहिला. मिठाच्या बरणीखाली तिकिटांची टोकं फडफडत होती.

धाकटीनं परात बाजूला सरकवली. आता बोलले नाही तर साडेचार वाजतील, असं तिच्या मनात आलं. "एक विचारू? तो डबा रोज धुतलेला येतो. मला वाटलं अण्णा धुतात."

"मी कशाला धुऊ? मला वाटलं तू तोलायच्या आधी..." अण्णा थांबले. "धुतलेला येतो?"

"चकचकीत. तीन महिने मी तो डबा घासलेला नाही. मला वाटलं, बरं झालं, एक भांडं कमी. अण्णा, तुम्ही रोज उघडता, तुमच्या लक्षात नाही आलं?"

"मी आत काय आहे ते बघत होतो," अण्णा म्हणाले. "आत काही नव्हतं."

"नऊ वर्षांचं पोर शाळेत डबा धुतं?" ताई म्हणाली. "माझी दोन्ही पोरं सोमवारचा डबा बुधवारी दाखवायची. बुरशीसकट."

थोरला उठला. स्टीलचा डबा मांडणीवर पालथा होता, शुक्रवारी आला तसा. त्यानं तो उचलून खिडकीशी नेला आणि झाकण उजेडात तिरपं धरलं.

स्टीलवर बोटं उमटतात. पाण्याचे थेंब वाळले की पांढुरके डाग राहतात. या झाकणावर दोन्ही नव्हतं. कुणीतरी ते मऊ कापडानं मधून कडेकडे, गोल गोल पुसत नेलं होतं, आणि त्या गोलांच्या फार बारीक रेषा तिरप्या उजेडात दिसत होत्या. तसं पुसणारं एकच माणूस त्याला माहीत होतं. चष्म्याच्या काचा घासायचं काम करणारी ती, घरी आल्यावर आरसा, घड्याळ, त्याच्या टॉर्चची काच, जे हाती लागेल ते असंच मधून कडेकडे पुसायची. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात त्यानं हसून विचारलं होतं, माझा चेहराही असाच पुसणार का. तिनं पुसला होता.

डबा त्यानं खाली ठेवला नाही.

"मुंगे," त्यानं हाक मारली. "दाराआड उभी आहेस ते कळलंय. ये आत."

*

मुंगी आत आली आणि थेट अण्णांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. लहानपणी ती साखरेचे दाणे कपाटांच्या फटींत नेऊन ठेवायची, त्यावरून हे नाव पडलं होतं. नाव आता तिला लहान व्हायला हवं होतं. पण फ्रॉकच तिला मोठा झाला होता, हे आज सगळ्यांना एकदम दिसलं.

"डबा कुणाला देतेस?" थोरल्यानं विचारलं.

"देत नाही."

"मुंगे."

"पोचवते."

"कुणाला?"

तिनं ताईकडे पाहिलं, मग बरणीखालच्या तिकिटांकडे. "सांगितलं तर मला नेणार का?"

"नाही सांगितलंस तर नक्की नेणार," ताई म्हणाली.

"आईला."

मग ती सांगत गेली. मैदानाच्या मागं जाळी आहे. जाळीच्या पलीकडं चष्म्याच्या दुकानाचं मागचं दार आहे. आई आता त्या दुकानात असते. सत्र सुरू झालं तेव्हापासून. मोठ्या सुट्टीत ती त्या दारात उभी राहून बिस्किटं खायची, पुड्यातूनच, आणि मैदानाकडे बघायची.

"पहिल्या दिवशी मी हात केला. तिनं पण केला. दुसऱ्या दिवशी मी डबा नेला. जाळी खालून उचलते."

"आणि तिनं घेतला?" ताईचा आवाज चढला. "पोटच्या पोरीचा डबा—"

"माझा नाही म्हणाले मी. मी म्हणाले, हा तुझा. अण्णांनी पाठवलाय. माझा वेगळा आहे, तो मी वर्गातच खाल्ला."

अण्णांचा हात टेबलाच्या कडेवर होता. तो तिथून हलला नाही.

"काय म्हणाली ती?" त्यांनी विचारलं.

"आधी खरंच का, खरंच का, असं तीनदा विचारलं. मग झाकण उघडलं. मग म्हणाली, अण्णा गाजर अजून करंगळीएवढंच कापतात." मुंगी आठवून आठवून सांगत होती, एखादी गोष्ट सांडू नये म्हणून. "रोज सगळं खाते. अण्णांनी एवढं पाठवलंय, टाकू कशी, म्हणते. मग छोट्या सुट्टीत धुऊन परत देते. रोज विचारते, अण्णांचा गुडघा कसा आहे. काकूचे पाय सुजतात का, विचारते. मी सगळं सांगते."

"आणि?" थोरला म्हणाला.

मुंगीनं त्याच्याकडे बघितलं. सांगावं की नाही, असं क्षणभर तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आणि विचारते, बाबा आठवणीनं चमचा नेतात का."

थोरला खिडकीकडे वळला.

"तू काय खायचीस गं?" धाकटीनं विचारलं.

"केळं काढून घ्यायचे. केळं आईला आवडत नाही. आणि पाणी. खूप पाणी प्यायलं की पोट भरतं, पाचव्या तासापर्यंत."

"बघा!" ताई उभी राहिली. "बघा, पोर पाणी पिऊन दिवस काढतंय आणि ही बाई तिच्या तोंडचा घास—"

"ताई."

"काय ताई? खोटं बोलतेय का मी?"

"तिला माहीत नाही," थोरला म्हणाला. तो वळला तेव्हा त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. नऊ महिन्यांत या घरात तो बायकोच्या बाजूनं एक वाक्य बोलला नव्हता. कदाचित त्याआधीही नाही. "तिला माहीत असतं तर तिनं तो डबा हातात धरला नसता. आणि तूही हे ओळखतेस. तुझ्या दोघांच्या परीक्षा होत्या तेव्हा महिनाभर तुझ्याकडे राहून डबे कुणी करून दिले?"

ताई बसली. ते तिला आठवत होतं. तिला दुसरंही आठवत होतं : त्या महिन्यात थोरली कधी जेवायची, हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

"मुंगे, इकडे ये," अण्णा म्हणाले. "समोर ये. तिला डबा द्यावा असं तुझ्या मनात आलंच कसं?"

मुंगीला प्रश्न सोपा वाटला. "तिला डबाच नव्हता ना कधी. ती सकाळी चार भरायची. तुमचा, बाबांचा, काकांचा, माझा. मग पातेल्यात राहिलं असेल तर उभ्यानं खायची आणि कामाला जायची. मी रोज बघायचे. मांडणीवर पण चारच कड्या आहेत."

सगळ्यांनी मांडणीकडे पाहिलं. चार कड्या होत्या भिंतीला, चार डब्यांच्या. त्या कड्या अण्णांनीच ठोकल्या होत्या, निवृत्तीनंतर, अंतर मोजून. निवृत्तीनंतरही ते दुपारी वाचनालयात जायचे आणि त्यांचा डबा भरला जायचा.

इस्पितळात साडेचारशे ताटं जायची. मोजणी चुकू नये म्हणून आधी खाटा मोजायच्या, मग ताटं. हेही ते नव्या लोकांना शिकवायचे. घरात नऊ महिने त्यांनी परत आलेलं सगळं तोललं होतं, ग्रॅममध्ये. पण मुळात किती माणसांना गेलं, हे कधी मोजलं नव्हतं.

"माणसं पाच," ते स्वतःशीच म्हणाले. "धाकटीला तिच्या दुकानातच जेवण मिळतं, ती सहावी. डबे चार."

"न्यायचं तर न्या मला," मुंगी ताईला म्हणाली. रडत नव्हती ती. व्यवहाराचं बोलत होती. "पण मग आईला डबा कोण पोचवणार?"

घड्याळात सव्वातीन झाले होते.

"मी आत्ता जातो," थोरला म्हणाला. "तिला सगळं सांगतो."

"नको!" मुंगी पहिल्यांदा घाबरली. "बाबा, नको. ती परत बिस्किटं खाईल. तिला कळलं ना की अण्णांनी नव्हता पाठवला..."

पुढचं वाक्य तिला सापडलं नाही, पण अण्णांना सापडलं. बिस्किटांचं काही नव्हतं. एकसष्ट दिवस थोरली त्या दारात उभी राहून समजत होती की या घरातल्या एका माणसाला आपण जेवलो की नाही याची काळजी आहे. ते काढून घेतलं, तर ते कुठल्या काट्यावर तोलता येणार होतं?

"खोटं बोललीस तू," ते मुंगीला म्हणाले.

"हो."

"खोटं फार दिवस खोटं ठेवू नये. अंगाशी येतं." त्यांनी वही जवळ घेतली, नवीन पान काढलं आणि पट्टी लावून मधोमध एक उभी रेघ मारली. "उद्यापासून खरं करू. एक तुझा, एक तिचा. पण तुझा तू खायचास. आणि परत आलेलं मला खरं दिसलं पाहिजे. गाजर नको असेल तर गाजर परत येऊ दे."

"आणि तिला कधीच सांगायचं नाही?" धाकटीनं विचारलं.

"सांगू. मुंगी सांगेल, मोठी झाली की. हसत सांगेल."

ताई उठली. कपडे भरायला नव्हे. ती आपल्याच पिशवीत हात घालून काहीतरी शोधत होती. तिनं कागदात गुंडाळलेला एक डबा काढला. निळा, तीन कप्प्यांचा, झाकणाला पांढरी खिट्टी. पंधरा दिवसांपूर्वी तिनं तो विकत घेतला होता आणि स्वतःच्या ओट्यावर ठेवला होता. रोज सकाळी चहा पिताना ती एकदा झाकण उघडायची आणि लावायची. त्या खिट्टीच्या टक् आवाजानं तिचं घर क्षणभर भरल्यासारखं वाटायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आत्ताही सांगणार नव्हती.

"हा घे," ती मुंगीला म्हणाली. "तीन कप्पे आहेत. मधल्यात ओलं ठेवायचं नाही, गळतं. मी पाणी घालून बघितलंय. स्टीलचा राहू दे तिला. तिला त्याची सवय झालीय."

"आत्या, तू रागावलीस?"

"रागावायला वेळ कुठाय? साडेचारची गाडी आहे." मग तिनं बरणी उचलून दोन्ही तिकिटं घेतली. अर्ध्या तिकिटाची घडी घालून ते पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवू लागली.

"ताई, ते आजच्याच तारखेचं असतं," धाकटी हळूच म्हणाली. "नंतर चालत नाही."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली, आणि ते ठेवून पाकीट बंद केलं.

*

सोमवारी पहाटे अण्णांनी दोन डबे ओट्यावर शेजारी शेजारी मांडले. निळ्यात भात, मूग, अंडं, गाजर, वेगळं केळं. स्टीलच्यात तेच, केळ्याऐवजी काकडी. आणि उकडलेल्या बीटाच्या सहा चकत्या, कारण रक्त वाढवायला बीट चांगलं. निळ्यात मुंगीचा छोटा चमचा घातला.

झाकण लावण्याआधी ते बराच वेळ कागदाचा एक कपटा हातात धरून बसले. इस्पितळात प्रत्येक ताटाबरोबर एक छापील चिठ्ठी जायची. तिच्यावरचा मजकूर त्यांनीच पहिल्या वर्षी लिहिला होता, आणि तो एकतीस वर्षं बदलला नव्हता. तोच त्यांनी आता सुनेसाठी हातानं लिहिला, फक्त 'ठेवावे'च्या जागी 'ठेव' केलं.

'नको असेल ते ताटात तसंच ठेव. आम्हाला त्यावरून कळतं.'

खाली काय लिहावं ते सुचेना. 'अण्णा' एवढंच लिहिलं.

दिवस लांबला. त्यांनी दोनदा काटा पुसला. चार वाजता मुंगी आली, दप्तर पाठीवर आणि दोन डबे दोन हातांत घेऊन, तोल सावरत.

निळा उघडला. गाजराचे तीन तुकडे होते आणि मुगाचा एक ढीग कोपऱ्यात सारलेला. गाजर अठरा ग्रॅम. मूग तेवीस. अण्णांनी दोन्ही आकडे लिहिले. बाकीचं सगळं पोटात गेलं होतं, हे मुंगीच्या आडवं होऊन पाय हलवण्यावरून कळत होतं.

मग स्टीलचा. झाकणावर बोटाचा डाग नव्हता. उघडलं तर भात नव्हता, मूग नव्हते, काकडी नव्हती. चिठ्ठीही नव्हती, ती तिनं ठेवून घेतली होती. बाकी डबा धुतलेला, कोरडा. आणि मधोमध, एकावर एक नीट रचलेल्या, बीटाच्या सहा चकत्या.

अण्णा बघत राहिले. वर्षानुवर्षं आठवड्यातून दोनदा या घरात बीट व्हायचं, ते सांगायचे म्हणून. तीच किसायची, तीच उकडायची, तिचे हात संध्याकाळपर्यंत लाल असायचे.

"काय झालं, अण्णा?" मुंगीनं आतून विचारलं.

"काही नाही. परत आलंय."

आकडा नीट दिसेना, म्हणून ते चष्मा आणायला बाहेरच्या खोलीत गेले. गुडघ्यामुळे वेळ लागला. ते परत आले तेव्हा थोरला कामावरून आला होता. अंगावर ग्रीसचा वास, खांद्यावर पिशवी तशीच, आणि तो मोरीशी उभ्या उभ्या बीट खात होता.

"अरे, मला तोलायचं होतं ते."

थोरला चावता चावता थांबला. बोटांची टोकं लाल झाली होती. "तिनं ठेवलेलं होतं ना?"

"हो."

"सहा होत्या," तो म्हणाला. "आकडा हवा असेल तर."

"तिला बीट आवडत नाही."

"आज कळलं."

"मलाही."

थोरल्यानं शेवटची चकती खाल्ली, सावकाश. उष्टं नव्हतं ते, तिनं तोंडही लावलं नव्हतं. पण तिच्या बोटांनी ते रचलं होतं, आणि नऊ महिन्यांत तिच्या हातचं त्याला मिळालेलं एवढंच होतं. अण्णांनी वही उघडली. तिच्या रकान्यात लिहिलं : 'बीट. परत, सर्व.' वजनाची जागा कोरी सोडली. तशी कोरी जागा त्यांच्या हातून आजवर कुठल्याही वहीत सुटली नव्हती.

"अण्णा," थोरला डब्यात बघत म्हणाला, "तिच्या डब्यात चमचा गेला होता का?"

अण्णांनी आठवून पाहिलं. चमचा एकच होता, तो निळ्यात घातला होता. "राहिला," ते म्हणाले. "माझ्याकडूनच राहिला."

"मग भात तिनं कशानं खाल्ला?"

"हातानं खाल्ला असेल."

थोरल्यानं खांद्यावरची पिशवी उतरवली, आतून आपला डबा काढला आणि त्यातला चमचा घेतला. नळ सोडून तो घासला. मग खुंटीवरचं मऊ फडकं घेऊन पुसायला लागला, मधून कडेकडे, गोल गोल, कुणालाच घाई नसल्यासारखा. आणि पुसून झाल्यावर तो चमचा त्यानं उद्यासाठी स्टीलच्या रिकाम्या डब्यात ठेवला.